एका थांब्याला एक घोट

पहाटे पावणेपाच

बायको दारात बूट चढवत होती. खाकी गणवेश, वर स्वेटर, वर मफलर. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या गाडीवर ती वाहक आहे. लेकीला सर्दी-ताप म्हणून आज रजा टाकायची असं रात्री दोघांनी ठरवलं होतं, पण मोजायला बसलो तेव्हा कळलं की उरलेली रजा नोव्हेंबरात लेकीच्याच जुलाबांत संपली. मी मुद्रितशोधन करतो, घरीच बसून. त्यामुळे घरात आजारपण आलं की ते आपोआप माझ्या टेबलावर येऊन पडतं, गठ्ठ्यातल्या पुढच्या फर्म्यासारखं.

"रात्री ताप एकशे एक होता. आता अंग नुसतं कोमट आहे. उठली की बघा. दूध थोडं थोडं द्या. पाणी विसरू नका." मग एक बूट हातात धरून थांबली. "आणि हो, भरवताना डोळे वटारू नका."

हे शेवटचं सरळ माझ्या जुन्या गुन्ह्याकडे होतं. गेल्या वर्षी अशाच थंडीत, अशाच सर्दीत मी लेकीला मांडीत घट्ट धरून वाटीभर खिचडी संपवायला लावली होती. 'पोटात काही गेलं तरच ताकद येणार' हे माझं पालुपद. शेवटच्या घासाला तिला खोकल्याची ढास लागली आणि सगळी खिचडी, सोबत रात्रभर गिळलेला कफ, माझ्या शर्टावर आली. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. सर्दी पाच दिवसांत गेली, पण पुढचे पंधरा दिवस चमचा दिसला की पोरगी ओठ मिटून घ्यायची.

"नाही वटारणार," मी म्हणालो.

ती जिना उतरून गेली. बाहेर धुकं इतकं होतं की कोपऱ्यावरचा दिवासुद्धा दिसत नव्हता. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरची गाणी तेवढी ऐकू येत होती.

सहा

चहा केला, कागद काढले. आठवीच्या विज्ञानाचं गाईड, साठ पानं, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायची. पहिल्याच पानावर एका ओळीत 'कराड' आणि पुढच्या ओळीत 'कऱ्हाड'. दोन्ही बरोबर. पण एका पुस्तकात एकच हवं, म्हणून समासात लिहिलं, 'एकरूपता ठेवावी'. निम्मा जन्म हे दोन शब्द लिहिण्यात गेला आहे.

आतून घुर्रघुर्र ऐकू येत होतं. नाक चोंदलं की साडेतीन वर्षांचं पोर म्हाताऱ्यासारखं घोरतं. जाऊन तिचा सदरा वर केला, घड्याळ समोर धरलं आणि मिनिटभर पोटाचं वरखाली होणं मोजलं. अठ्ठावीस. हे मला आमच्या बालरोगतज्ज्ञांनी शिकवलं आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त झाला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर चमचा-वाटी सोडायची आणि दवाखाना गाठायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला हा आकडा 50, दोन महिन्यांच्या आतल्याला 60. आमच्याकडे बायका 'पोट उडतंय का बघ' म्हणतात ते हेच, फक्त घड्याळाशिवाय. मोजायचं ते मूल शांत असताना, पूर्ण मिनिटभर. रडत्या पोराचा श्वास मोजून मी एकदा रात्री अकराला डॉक्टरांना उठवलं होतं.

साडेसात

उठली ती रडतच. नाकातून दोन धारा, डोळे पाणावलेले, गाल लाल. ताप बघितला, नव्याण्णव पॉइंट सहा. बालवाडी सुरू झाल्यापासून ही पाचवी सर्दी. आधी वाटायचं आमचंच काही चुकतंय. डॉक्टर म्हणाले, या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या म्हणजे चारचौघांसारखंच. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, एकेकाची ओळख करून घ्यायची तर वेळ लागणारच.

नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घातले, दोन मिनिटं थांबून शेंबूड पुसला. हे खायला देण्याच्या आधी करायचं असतं. नाक बंद असलं तर घास चावताना श्वास घ्यायचा कुठून, हा साधा प्रश्न आहे, आणि मला तो तीन वर्षं पडला नव्हता. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तर याहून हाल, ते दोन घोट घेतं आणि सोडून रडतं. आपण म्हणतो दूध आवडेनासं झालं.

मग दूध. हळद घातलेलं पहिलं. एक घोट घेतला, जीभ बाहेर काढली, ती तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. हळदीचं दूध हे मोठ्यांचं समाधान आहे, मुलांचं पेय नाही, असं माझं मत होत चाललंय. दुसरा पेला साधा, जराशी साखर घालून. चार घोट गेले. वटारण्याचा मोह आवरला.

"पप्पा, बास."

"बास तर बास."

सव्वानऊ

फोन वाजला. आई, माण तालुक्यातून.

"पोरगी कशी हाय? आरं, दूध पाजू नगंस, कफ धरतो. हुलग्याचं माडगं कर पातळ. गूळ घाल, सुठीची चिमट घाल. तुला त्याच्यावरच वाढीवलाय. आन् केळं दिऊ नगंस बरं का."

दूध चार घोट होऊन गेलं होतं, ते सांगितलं नाही. दुधानं कफ वाढतो हे आईला तिच्या आईनं सांगितलं. खरं तर दूध लाळेत मिसळलं की घशाला जाडसर साय बसल्यासारखी होते, आणि तीच कफासारखी वाटते. कफ दुधानं तयार होत नाही. पण हे आईला फोनवर पटवायचं तर नाष्टा राहिला असता.

फोन ठेवला तोच दुसरा. सासूबाई, चिपळूणहून.

"ताप उतरला का हो? हे बघा, कुळथाची पिठी करा पातळशी. दोन लसणी ठेचून घाला, एक आमसूल टाका. बरोबर मऊ भात. नि गोडाचं काही देऊ नका हं, गोडानं खोकला वाढतो. केळं तर अजिबात नको."

स्वयंपाकघरात जाऊन फळीसमोर उभा राहिलो. वरच्या फळीवर बरणी, तिच्यावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी, 'कुळीथ पीठ'. खालच्या फळीवर पत्र्याचा डबा, आईनं दिलेले अख्खे हुलगे. चार वर्षं हे दोन डबे या घरात शेजारी राहतात आणि चार वर्षं दोन्ही घरं आपापल्या डब्याची चौकशी करतात. धान्य एकच. पुस्तकी नाव मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम. माणात पाऊस नाही म्हणून ते पिकतं, कोकणात पाऊस ओसरल्यावर भाताच्या शेतात उरलेल्या ओलीवर पिकतं. शंभर ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, खर्च जवळजवळ नाही. कुंभार्ली घाटाच्या वर त्याला हुलगा म्हणतात, घाट उतरला की कुळीथ. गाईडमध्ये असतं तर मी एकरूपता ठेवावी म्हणून लिहिलं असतं आणि दोन्हीकडून मार खाल्ला असता.

दहा

अख्खे हुलगे भाजून दळायला वेळ कुणाला? कोकणातल्या पिठाचं माणदेशी माडगं केलं. हेही आईला सांगितलं नाही.

दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडता माणूस मेटाकुटीला येतो. गूळ विरघळलेल्या पाण्याला उकळी आली की ते कालवण ओतायचं, चिमूटभर मीठ, चिमटीभर सुंठ, आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत ते गडद तपकिरी होतं, बुडबुडे जड आवाजात फुटायला लागतात. पावसाचा पहिला शिडकावा झाल्यावर येतो तसा काहीसा वास येतो. मला लहानपण आठवलं, पितळी, चुलीपुढचा पाट.

लेकीनं वाटीत डोकावून पाहिलं.

"पप्पा, हा चिखल आहे."

"वास तरी घे."

"वास नाही येत मला."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी वाटी खाली ठेवली. मला पितळी आठवली ती वासावरून. तिच्या नाकाला वासच नव्हता. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाकाचा असतो. नाक बंद झालं की जिभेकडे उरतात त्या गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्या चवी. आजीच्या हाताची चव वगैरे सगळं नाकाबरोबर चोंदतं. अशा तोंडाला माडगं म्हणजे कोमट गोड चिखलच. पोरगी खोटं बोलत नव्हती.

तीन चमचे खाल्ले, माझ्यावर उपकार म्हणून. मग मी आमसुलाचा एक तुकडा मिठाला लावून तिच्या हातात दिला. तो मात्र तिनं पंधरा मिनिटं चघळला. तोंडाला पाणी सुटलं, नाक वाहिलं, चेहरा जरा माणसात आला.

अकरा

आता पाणी. डॉक्टरांचं एक वाक्य मी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवलंय: जेवली नाही तर एक-दोन दिवस चालेल, प्यायली नाही तर चालणार नाही. तापात अंगातलं पाणी जातं, तोंडानं श्वास घेतला की आणखी जातं, आणि पाणी कमी पडलं की कफ चिकट होतो. लघवी किती वेळा होते ते मोजायचं, सहा-आठ तास झालीच नाही तर फोन करायचा. मी फर्म्याच्या कोऱ्या पाठीवर खुणा करत होतो.

पण पेला पुढे केला की ती मान फिरवायची. मग मी बायकोची जुनी पिशवी तिच्या गळ्यात अडकवली आणि खुर्चीला खुर्ची लावून गाडी केली.

"वाहकबाई, चिपळूण एक."

डोळे लकाकले. "सुट्टे द्या!" हे तिला पाठ आहे.

"मल्हारपेठ आलं. थांब्याला वाहकबाई पाणी पितात."

एक घोट. मग तिनं खुर्चीच्या पाठीवर चमचा वाजवला, टिंग टिंग. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की सोडायचं, हे तिला बोलायला येण्याआधीपासून कळतं. पाटण, एक घोट. कोयनानगर, धरण बघायचं म्हणून दोन घोट. घाटात वळणावर गाडी हलते म्हणून प्यायचं नाही, हा नियम तिनंच काढला. पोफळीला एक, खेर्डीला एक, आणि चिपळूण स्टँडवर उरलेलं सगळं, कारण तिथं आजी राहते. एका फेरीत एक पेला. परतीच्या फेरीला मी पाण्याऐवजी मुगाच्या डाळीचं पातळ कढण ठेवलं, मीठ-जिरं घालून. तेही गेलं. त्या वेळी तिची खरी आई घाट उतरून खरंच चिपळूणच्या स्टँडवर पोचली असेल, हे गणित मी तिला सांगितलं नाही, रडली असती.

वाटीभर एका दमात संपवायला लावणारा गेल्या वर्षीचा मी त्या खुर्चीत बसलेला दिसला असता तर त्याला मल्हारपेठलाच उतरवला असता.

साडेबारा

वरच्या मजल्यावरच्या आजी पुडी घेऊन आल्या. गरम फुटाणे, नुकते भट्टीवरून आणलेले. "चार फुटाणे खाऊ दे, वर पाणी देऊ नको. सर्दी सुकते."

मोठ्या माणसाचं सर्दीत फुटाणे खाणं मला समजतं. पण साडेतीन वर्षांच्या, दर दोन मिनिटांनी खोकणाऱ्या पोराला फुटाणा द्यायला मी तयार नाही. या वयात मागच्या दाढांना अजून दाणा भरडायचा सराव नसतो. अर्धवट चावलेला तुकडा तोंडात आणि त्याच क्षणी ढास लागली, तर तो अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत जातो. फुटाणे, शेंगदाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, पाच वर्षांपर्यंत कानाला खडा. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून. फुटाण्याचं कोरडं पीठही तसंच, खोकणाऱ्याच्या तोंडात गेलं तर तोठरा बसतो.

पण आजींना नाही कसं म्हणायचं? दोन वेळा त्यांनी हिला सांभाळलंय. मी फुटाणे रुमालात बांधले, पुरचुंडी केली, आणि लेकीच्या गालाला लावली. ऊब तिला आवडली. "उशी," ती म्हणाली आणि पुरचुंडीवर गाल ठेवून आडवी झाली. आजी समाधानानं वर गेल्या. फुटाणे नंतर गाईडच्या 'उष्णता' या धड्याबरोबर मीच संपवले.

दीड

गुरगुट्या भात. कोलमाचा जुना तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, नेहमीच्या दुप्पट पाणी, कुकरला सहा शिट्ट्या, मग डावानं घोटलेला. वर तूप, बाजूला मेतकूट. जगात यापेक्षा चांगलं काही आजाऱ्याला देता येतं असं मला वाटत नाही, आणि या मतात बदल करायचा माझा विचारही नाही.

तिनं बोटानं तूप चाटलं. मेतकूट चाटलं. भात तसाच.

"केळं दे."

फळीवर केळी होती, सालीवर ठिपके पडलेली, छान पिकलेली. सकाळपासून हुलगा-कुळीथ, गूळ-आमसूल यांवर दोन घरांचं एकमत झालं नव्हतं. एकमत होतं ते फक्त केळ्यावर. आणि पोरीनं मागितलं नेमकं तेच.

मी ओट्यापाशी उभा राहून विचार केला. सर्दी विषाणूनं होते, केळ्यानं नाही. केळं मऊ आहे, खवखवत्या घशाला टोचत नाही, चावायचे कष्ट नाहीत, एका मध्यम केळ्यात 100 च्या आसपास उष्मांक. तीन चमचे माडग्यावर दिवस काढलेल्या पोटाला यात वाईट काय? थंड पडलंय का म्हणून हातात धरून बघितलं. मग सोललं, आणि दिलं.

पाऊण केळं खाल्लं. स्वतःच्या हातानं, न सांडता, मध्ये एकदा हसून.

पुढचा अर्धा तास मी चोरासारखा तिच्या छातीला कान लावत होतो. काही झालं नाही. झोपली.

अडीच ते साडेचार

घर शांत. सत्तावीस पानं तपासली. 'अभिसरण' तीन ठिकाणी 'अभिसारण' छापलंय.

मध्येच वाटलं, आज गुरुवार नसता तर अळणी केली असती. कोल्हापूर-साताऱ्याकडे मटण शिजवताना मसाला पडायच्या आधी जो रस निघतो, हळद-मीठ, आलं-लसूण एवढ्यावरचा, ती अळणी. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं की पहिली वाटी त्याची. कोकणात हेच काम चिंबोऱ्यांचा रस्सा करतो, पण तो तिखट, मोठ्यांचा. नुसतं ऐकूनच नाक सुटतं.

कोंबडीच्या सुपावर तर अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये स्टीफन रेनार्ड या डॉक्टरांनी चक्क प्रयोग केला. बायकोच्या आजीच्या पद्धतीचं सूप प्रयोगशाळेत नेलं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर घालून बघितलं. 2000 साली निबंध प्रसिद्ध झाला. सूज आणणाऱ्या त्या पेशींची धावपळ सुपानं थोडी मंदावली, असं निघालं. हे काचेच्या भांड्यातलं, पोराच्या नाकातलं नाही, हे खरं. तरी आजेसासूची वाटी घेऊन प्रयोगशाळेत जाणारा जावई मला आवडला. माझ्याकडे तर दोन्ही बाजूंच्या वाट्या तयार आहेत, प्रयोगशाळा तेवढी नाही.

चारला पुन्हा श्वास मोजला. सव्वीस.

पाच

उठली ती घामेजलेली, कपाळ गार. ताप नाही. उठल्या उठल्या, "भूक."

हा शब्द ऐकून मी जी धावपळ केली ती गाईडवाल्याला दिसली असती तर त्यानं मला कामावरून काढलं असतं. सकाळची भाकरी कुस्करून दुधात भिजवली, वर किंचित गूळ. आठ-दहा घास गेले. वाटीत थोडं उरलं. ते उरू दिलं. पूर्वी हाच उरलेला घास मला टोचायचा. 'एवढंच राहिलंय, संपव.' मुलाचं पोट भरलेलं असतं, आपलं वाटीशी भांडण चालू असतं.

पिकलेला पेरू चिरून, बिया काढून चार फोडी दिल्या. क जीवनसत्त्व पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट असतं. त्यानं आजची सर्दी आज जाणार नाही, पण पेरू चांगला होता आणि पोरीनं मागून खाल्ला.

पावणेसात

जिन्यावर बूट वाजले. दार उघडायच्या आधी आतून घोषणा, "चिपळूणची गाडी आली!"

बायकोनं हातपाय धुतले, कपडे बदलले, मग पोरीला घेतलं. मग पिशवीतून स्टीलचा कडीचा डबा काढला. मला कळेना. तिचा डबा तर निळा आहे.

"आई आली होती स्टँडवर. अकरापासून येऊन बसलेली. गाडी लागली तशी डबा हातात दिला. म्हणाली, जावयांना पीठ कालवता येतं की नाही कुणास ठाऊक."

कुळथाची पिठी. अख्खा कुंभार्ली घाट चढून आली होती. थंड होऊन घट्ट झालेली. बायकोनं त्यात गरम पाणी घातलं, सारखी केली, उकळी काढली. लसणीचा, आमसुलाचा वास घरभर. दुपारचा गुरगुट्या भात गरम केला, त्यावर पिठी ओतली, तूप सोडलं. पोरगी आईच्या मांडीवर बसली आणि काही न बोलता जेवली. मी मोजत होतो, मनातल्या मनात. अकरा घास.

"तुम्ही दिवसभर काय दिलंत?" बायकोनं विचारलं.

मी फर्म्याची पाठ पुढे केली. दूध चार घोट, माडगं तीन चमचे, आमसूल एक, पाणी दोन पेले, कढण एक, दूध-भाकरी आठ-दहा घास, पेरूच्या चार फोडी, लघवी पाच वेळा. केळं लिहिलं नव्हतं.

"पप्पांनी केळं दिलं," लेक म्हणाली.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आईला सांगू नका."

रात्री नऊ

आडवी झाल्यावर खोकला सुरू झाला. नाकातला कफ मागच्या बाजूनं घशात उतरतो, म्हणून रात्री ढास जास्त. उशाशी जरा उंच केलं. अर्धा चमचा मध कोमट पाण्यात, झोपायच्या आधी. वर्षाच्या पुढच्या मुलाला हे चालतं आणि घशाला बरं वाटतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही, बोटावरचाही नाही, घुटीतलाही नाही. मधात क्वचित एका जंतूची बीजं असतात, मोठ्यांना ती काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. बारशाला मधाचं बोट लावणाऱ्या आत्या-मावश्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

बायकोच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटलीही निघाली. गाडीवरच्या कुणीतरी मायेनं दिलेली, 'माझ्या पोराला एका चमच्यात गुण आला' म्हणून. ती तशीच मोरीत ओतली. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याला डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या अशाच औषधानं वीसहून जास्त मुलं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना शेवटी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाचाच्या आत सहसा देऊ नयेत. भेसळ नसलेली बाटलीही लहान मुलाची सर्दी एक दिवस आधी घालवत नाही. ताप चढला तर वजनावर ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल आहे, ते कपाटात, तिच्या हाताला न लागेल असं.

दहाला ती झोपली. तोंड उघडं, पण घुर्रघुर्र कमी.

साडेदहा

साठातली एकेचाळीस पानं झाली. राहिलेली उद्या पहाटे, बायको ड्युटीवर गेल्यावर.

ती ओट्यावर चिपळूणचा डबा घासून पुसत होती. "उद्या परत द्यायचाय. आई स्टँडवर येईल." डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे दोन्ही घरांना सारखंच ठाऊक आहे. फळीवर साखर होती, पोहे होते. मी खालचा पत्र्याचा डबा उघडला आणि त्यात माणातले हुलगे काठोकाठ भरले.